दाढेला तारीख मिळते, मधल्या रात्रींचं काय?

मंडळी, आजचा विषय मेट्रो नाही, चाळींचा पुनर्विकास नाही, पार्किंगही नाही. आजचा विषय आहे अक्कलदाढ. हसू येत असेल तर तुमची अजून दुखलेली नाही, एवढंच. पोस्ट लांब आहे. पण घरात कुणी गाल धरून बसलं असेल तर शेवटपर्यंत वाचा, मध्ये कामाची माहिती आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातल्या साध्या माणसाला सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात अक्कलदाढ काढायची तारीख मिळते. काढणारे डॉक्टरही चांगले असतात. पण तारीख मिळाली त्या दिवसापासून दाढ निघेपर्यंत जे दिवस जातात, आणि खरं म्हणजे ज्या रात्री जातात, त्यांची जबाबदारी कुणाचीच नसते. माणूस केसपेपरची घडी खिशात घालतो आणि घरी येऊन तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातो. हा मधला काळ म्हणजे उपचाराचाच भाग आहे असं पालिकेने आणि राज्य सरकारने मानलं पाहिजे. त्याला फार पैसा लागत नाही. व्यवस्था लागते.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघू, कारण नुसती बोंब मारण्यात अर्थ नाही.

मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय १९३३ सालचं. लालबागचा राजा पहिल्यांदा बसला १९३४ साली. म्हणजे आपल्या राजापेक्षा हे दातांचं रुग्णालय एका वर्षाने मोठं आहे. ते पालिकेचं. दुसरं, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, १९४५ सालचं. ते राज्य सरकारचं. करी रोडला किंवा चिंचपोकळीला स्लो गाडीत बसलं की एक, चर्नी रोडला बसलं की दुसरं. राज्यातल्या बाकीच्या लोकांना हे सुख नाही. वर्षानुवर्षं चालत आलेली शासकीय दंत महाविद्यालयं म्हटली की मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर हीच नावं येतात. त्यामुळे आपल्या रांगेत पालघरचा माणूस असतो, रायगडचा असतो, रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने आलेली बाईही असते. त्यांचा हक्क आपल्याइतकाच आहे. गर्दी का होते याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर दाढेतच आहे. साधा हललेला दात काढायला भूल देण्यापासून कापूस चावायला देईपर्यंत फार वेळ लागत नाही, तो बऱ्याचदा त्याच दिवशी निघतो. अक्कलदाढ वेगळी. ती साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान येते, तोवर जबड्यात जागा उरलेली नसते. मग ती आडवी येते, अर्धीच वर येते किंवा पुढच्या दाढेला टेकून अडकून बसते. अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीची एक झापड राहते. तिच्याखाली भाताचं शीत, चपातीचा कण अडकतो, तिथे जंतू वाढतात, हिरडी सुजते, मग वरची दाढ त्याच सुजेवर चावते. बहुतेकांची "दाढ दुखतेय" म्हणजे हे दुखणं असतं. दाढ किडलेली असेलच असं नाही.

अशी दाढ काढायची म्हणजे आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे. खालच्या दाढेच्या मुळाशेजारून ओठाला संवेदना देणारी नस जाते, ती किती जवळ आहे हे बघावं लागतं. मग हिरडी कापणं, गरज पडली तर हाड थोडं कोरणं, दाढेचे तुकडे करून एकेक बाहेर काढणं, टाके घालणं. एका रुग्णाला अर्धा-पाऊण तास सहज जातो. बीपी वाढलेलं असेल, साखर वाढलेली असेल तर डॉक्टर आधी ती आटोक्यात आणायला सांगतात. तोंड उघडतच नसेल, सूज मोठी असेल, तर बऱ्याचदा आधी संसर्ग कमी करून मग दाढेला हात लावतात. तेव्हा "आजच काढा ना डॉक्टर" म्हणून तिथे भांडण्यात अर्थ नसतो. थोडं थांबणं वैद्यकीय कारणासाठीच असतं.

पण सगळं थांबणं त्या कारणासाठी नसतं. काही थांबणं खुर्च्या कमी आहेत म्हणून असतं, काही भरलेल्या यादीमुळे. आणि कुठलं थांबणं कशासाठी आहे हे रुग्णाला कुणी सांगत नाही.

मला स्वतःला १९ दिवसांनंतरची तारीख मिळाली होती. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. मुद्दा एका रुग्णालयाचा नाही आणि तिथल्या मुलांनी माझ्याशी वागण्यात काही कमी केलं नाही. तपासणाऱ्या डॉक्टर मुलीने एक्स-रे समोर धरून दाढ कशी आडवी झोपलीय ते दाखवलं, पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, तारीख लिहिली. मी विचारलं, "मॅडम, गोळ्या पाच दिवसांच्या, तारीख १९ दिवसांनी. मधे दुखलं तर?" ती म्हणाली, "दुखलं तर या." तिच्या जागी तीच काय, कुणीही दुसरं काही सांगू शकलं नसतं. तिच्या हातात तेवढंच होतं.

आता "या" या शब्दाची किंमत बघा. दातांची ओपीडी सकाळची. यायचं म्हणजे पहाटे उठून नंबर लावायचा, केसपेपर काढायचा, बाकावर बसायचं, दुपार होते. नोकरी असेल तर रजा गेली. रोजावर असाल तर रोज गेला. डिलाईल रोडच्या टॉवरमध्ये पहारा देणारा वॉचमन, हिंदू कॉलनीत चार घरची भांडी घासणाऱ्या मावशी, पाठीवर बॅग टाकून जेवण पोचवणारा पोरगा, लालबागच्या मसाल्याच्या दुकानात मिरच्यांच्या धुरळ्यात उभी राहणारी बाई, यांच्यापैकी कुणाला आठवड्यात दोन सकाळी परवडतात? एकदा तारीख घ्यायला गेले, एकदा काढायला जाणार. मधली खेप परवडत नाही म्हणून ते घरी सहन करतात.

आणि दाढेचं दुखणं रात्रीचं असतं. दिवसभर कामात कसंबसं निभतं. रात्री आडवं पडलं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं झोपलेली असताना रात्री दोन वाजता उठून गॅलरीत येरझाऱ्या घालायच्या. मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात गेलं तर तिथे छातीत कळ आलेला माणूस असतो, लोकलमधून पडलेला पोरगा असतो. त्यांना आधी बघायलाच हवं, त्यात वाद नाही. दाढवाला शेवटच्या बाकावर बसतो, एक इंजेक्शन घेतो आणि "सकाळी दातांच्या ओपीडीत जा" हे ऐकून परत येतो.

ही रिकामी जागा मग कोण भरतं? मेडिकलवाला. शेजारची काकू. व्हॉट्सॲप. आणि मशेरी.

मशेरीवर थांबतो, कारण हे आपल्या घराघरातलं आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या आपल्या आज्या-मावश्यांनी तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी दाताला लावली. सुरुवात कशाने झाली विचारलं तर बऱ्याच जणी सांगतील, "दात दुखत होता, म्हणून कुणीतरी दिली." तंबाखूने थोडा वेळ बधिर वाटतं, मग सवय लागते, मग ती सुटत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मशेरीला मात्र आपण अजून दंतमंजनच समजतो. परळला टाटा मेमोरियलसमोरच्या फुटपाथवरून आपण रोज जातो. तिथे तोंडाला फडकं बांधून बसलेली माणसं बघतो. त्या प्रत्येकाची गोष्ट दाढेने सुरू झाली असं मी म्हणत नाही. पण दातदुखीवर तंबाखू हा सल्ला ज्या घरात अजून चालतो, त्या घराला वेळेवर दंतवैद्य मिळत नाही, एवढं नक्की.

दुसरी गोष्ट अँटिबायोटिकची. "दाढ सुजलीय, काहीतरी स्ट्राँग द्या" म्हटलं की काउंटरवरून अमॉक्सिसिलिन किंवा मेट्रोनिडाझोलची अर्धी पट्टी हातात पडते. दोन दिवस घेतली, बरं वाटलं, सोडून दिली. दाढेवरची झापड तिथेच, अडकलेली घाण तिथेच. दहा दिवसांनी पुन्हा सूज. खरं म्हणजे अशा दुखण्यात ताप नसेल आणि सूज पसरत नसेल, तर झापडेखाली नीट धुऊन साफ करणं हाच मुख्य उपचार असतो. ते काम खुर्चीवर दहा मिनिटांचं आहे. पण ती दहा मिनिटं संध्याकाळी सात वाजता आपल्या वॉर्डात कुठे मिळतात? खाजगीत मिळतात. ज्याला परवडतं त्याला.

आता कामाची माहिती. मी डॉक्टर नाही. जे डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं आणि जे जगभर मान्य आहे तेवढंच लिहितोय. तुमचे डॉक्टर वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका.

तारखेची वाट बघताना हे करा:

१. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरा, जेवल्यावर तर नक्की. दुखतं म्हणून तिथे ब्रश लावायचं सोडू नका. मऊ ब्रशने हळूच साफ करा. घाण साचली की दुखणं वाढतं.

२. गालावर बाहेरून गार शेक द्या. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. सूज आलेल्या गालाला गरम पिशवीने शेकू नका आणि कसला गरम लेपही लावू नका.

३. झोपताना दोन उशा घ्या, डोकं वर राहू द्या. ठणका कमी होतो.

४. वेदनेच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्यात तशाच घ्या. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या दोन वेगळ्या जातीच्या गोळ्या आहेत. अक्कलदाढ काढल्यानंतरच्या दुखण्यावर दोन्ही मिळून एकेकटीपेक्षा जास्त आराम देतात हे अभ्यासांतून दिसलंय. कॉम्बिफ्लॅमसारख्या गोळीत दोन्ही असतात, तेव्हा तिच्यावर अजून वेगळी ब्रुफेन घेऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक एकत्र तर मुळीच नको. ज्यांना पोटात अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, किंवा ज्या बाईला दिवस गेलेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन घेऊ नये.

५. पॅरासिटामॉल साधी वाटते म्हणून कितीही घ्यायची नसते. मोठ्या धडधाकट माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या, ही वरची मर्यादा. रोज दारू घेणाऱ्याला किंवा लिव्हरचा त्रास असलेल्याला त्याहून कमी. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ती या हिशोबात धरा.

६. पावसाळ्यात दाढही दुखतेय आणि तापही आलाय, तर ब्रुफेन किंवा ॲस्पिरिनला हात लावण्याआधी डेंग्यू नाही ना हे बघा. डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आपल्या भागात ही गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी.

७. लवंगेचं तेल चालतं, पण कापसाच्या टोकाला थेंबभर. थेट बाटलीतून ओतलं तर हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी चुरून दाढेत दाबून ठेवू नका, तीही हिरडी भाजते. मशेरी, तपकीर, तंबाखूची चिमूट अजिबात नको.

८. मेट्रोनिडाझोल चालू असेल तर दारू बंद.

आणि हे झालं तर तारखेची वाट बघायची नाही, रात्र असो की रविवार, सरळ मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं: तोंड दोन बोटं शिरतील एवढंही उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, आवाज बदललाय, हनुवटीखाली किंवा गळ्याला टणक सूज आलीय, थंडी वाजून ताप येतोय, सूज डोळ्याकडे चढतेय, श्वास घ्यायला त्रास होतोय. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि गळ्यात उतरला तर श्वासनलिका दाबली जाते. माणूस दगावू शकतो. तिथे लाजायचं नाही, "दाढच आहे" असं म्हणायचं नाही. "गळ्याला सूज आहे, गिळता येत नाही," हे शब्द पहिल्यांदा उच्चारा.

अजून एक. तोंड महिनोन्‌महिने हळूहळू कमी उघडायला लागलंय, तिखट लागलं की आग होते आणि गुटखा-सुपारीची सवय आहे, तर ते दाढेवर ढकलू नका. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तरी दाखवाच.

आता पुन्हा मूळ मुद्द्यावर. वरची यादी मी का लिहितोय? कारण ती एका पानावर मावते आणि ते पान मला तारखेबरोबर मिळायला हवं होतं. फेसबुकवर कुणीतरी लिहील आणि कुणीतरी वाचेल अशी ही गोष्ट नाही.

आपल्याला वाट बघायची सवय आहे. गणपतीला गावी जायचं कोकण रेल्वेचं तिकीट आपण दोन महिने आधी काढतो आणि वेटिंग किती आहे ते रोज मोबाईलवर बघतो. ४२ वरून ३० वर आलं, ३० वरून आरएसी झालं. कुणी तिकीट रद्द केलं की आपला नंबर पुढे सरकतो. रेल्वे एका सीटसाठी एवढं करते. दाढेच्या तारखेत असं काही नाही. त्या दिवशी माझ्या आधीच्या यादीतली दोन माणसं आलीच नाहीत, तर ती खुर्ची कुणाला मिळाली, मला कळत नाही. मला फोन आला असता तर मी तासाभरात पोचलो असतो.

म्हणून माझ्या पाच मागण्या आहेत. यातली एकही चंद्रावरची नाही.

पहिली: तारखेबरोबर एक छापील पान. मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात. काय करायचं, काय नाही, कधी तारीख न बघता यायचं. गोळ्या तारखेपर्यंत पुरतील अशी सोय, किंवा त्या संपल्यावर कुठे जायचं त्याचा पत्ता.

दुसरी: रद्द झालेल्या तारखांची यादी. जो येणार नाही त्याची जागा पुढच्याला, फोन करून. जवळ राहणाऱ्यांची आणि तासाभरात येऊ शकणाऱ्यांची वेगळी वही ठेवली तरी पुरे.

तिसरी: एक फोन नंबर. ब्रिटनमध्ये १११ हा नंबर आहे, दातांचं तातडीचं दुखणं असेल तर तिथे फोन करून कुठे जायचं हे विचारता येतं. तिथेही दंतवैद्य मिळत नाही म्हणून लोकांनी घरी पकडीने स्वतःचे दात उपटल्याच्या बातम्या आल्यात, तेव्हा ते स्वर्गात राहतात असं मी म्हणत नाही. पण रात्री दोन वाजता "हे थांबू शकतं की नाही" एवढं सांगणारा माणूस फोनवर असणं ही मोठी गोष्ट आहे.

चौथी, आणि सगळ्यात महत्त्वाची: प्रत्येक वॉर्डात निदान एक संध्याकाळची दंत खुर्ची. २०२२ पासून आपल्याकडे बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना सुरू झाले. कामावरून सुटलेल्या माणसाला संध्याकाळी डॉक्टर मिळावा हीच त्यामागची कल्पना. त्यांच्या काही पॉलिक्लिनिकमध्ये दातांचे डॉक्टर बसतात, हे चांगलंच आहे. तेच पुढे न्या. परळ-लालबागच्या एफ दक्षिणला एक, दादरच्या जी उत्तरला एक, गिरगावच्या डी वॉर्डात एक, अशी खुर्ची रात्री नऊपर्यंत चालू ठेवा. तिथे दाढ काढायची नाही. झापडेखाली साफ करायचं, पू असेल तर वाट करून द्यायची, गोळ्या तपासायच्या, धोका दिसला तर चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. नायरची गर्दीही त्याने हलकी होईल.

पाचवी: किती दिवस थांबावं लागतंय ते दारावर लिहा. "आज नोंद केल्यास अक्कलदाढेची तारीख इतक्या दिवसांनी." आकडा रोज समोर दिसला की तो वाढला तर प्रश्न विचारता येतो. आज तो आकडा फक्त आपापल्या केसपेपरवर असतो.

आता आक्षेप. मला माहीत आहे काय येणार आहेत.

"कॅन्सर, टीबी, हार्ट सोडून दाढेचं काय घेऊन बसलात?" अहो, दाढेचं काम आज स्वस्त आहे. तीच दाढ गळ्यात उतरली की आयसीयूचा बेड लागतो, आणि तो हार्टवाल्यालाच मिळायचा असतो. शिवाय तोंड उघडून बघणारा दंतवैद्य वॉर्डात असला की कॅन्सरचा पांढरा डाग सगळ्यात आधी तोच बघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात साधारण ३५० कोटी लोकांना दातांचे-तोंडाचे आजार आहेत. म्हणजे जवळजवळ निम्मं जग. एवढ्या लोकांना होणारी गोष्ट किरकोळ कशी?

"सगळ्यांच्या अक्कलदाढा काढत बसलं तर रांग संपेल का?" सगळ्यांच्या काढायच्याच नाहीत. ब्रिटनने २००० सालीच ठरवलं की त्रास न देणारी अडकलेली अक्कलदाढ उगाच काढायची नाही. ज्याची दुखतेय, पुन्हा पुन्हा सुजतेय, पुढची दाढ किडवतेय, त्याचीच काढायची. नीट तपासून निवड केली तर रांग कमी होते. त्यासाठीही आधी बघणारा माणूस जवळ लागतो.

"दंतवैद्य आणायचे कुठून?" हा आक्षेप तर ऐकूनच घेऊ नका. देशात तीनशेच्या वर दंत महाविद्यालयं आहेत, दरवर्षी हजारो मुलं-मुली बीडीएस होऊन बाहेर पडतात. त्यातली कितीतरी दुसऱ्याच्या खाजगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबतात. कमतरता दंतवैद्यांची नाही, सरकारी जागांची आहे. केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून कागदावर आहे. कागदावरून खुर्चीपर्यंत तो आला पाहिजे.

"पैसे?" मुंबई पालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतं. साधी दंत खुर्ची काही लाखांत येते. यापुढे मी बोलत नाही.

आणि थोडा इतिहास, कारण आपण गिरणगावात राहतो. गिरणी कामगाराकडे राज्य विमा योजनेचं कार्ड असायचं. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय त्याच्या हक्काचं होतं. पगारातून कापून जायचं, म्हणून तो तिथे मान वर करून जायचा. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आणि मॉल आले. त्याच टॉवरमध्ये काम करणाऱ्या आजच्या कितीतरी माणसांकडे ते कार्ड नाही. आजोबांना जे हक्काने मिळत होतं, ते नातवाला रांगेत उभं राहून उपकारासारखं मागावं लागतं. अक्कलदाढेची गोष्ट फक्त दाताची नाही, ती ही आहे.

मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं आपल्याला नगरसेवकच नव्हता. कुणाकडे जायचं हेच कळत नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, आता २२७ जण बसलेत. तुमच्या वॉर्डातला कुणीही असो, कुठल्याही पक्षाचा असो, त्याला हा एकच प्रश्न विचारा: "आपल्या वॉर्डात संध्याकाळी सातनंतर सरकारी दंतवैद्य कुठे बसतो?" उत्तर आलं तर इथे पत्त्यासकट लिहा, शंभर लोकांच्या कामाला येईल. उत्तर नाही आलं तर तेही लिहा. आणि तुम्हाला दाढेसाठी किती दिवसांनंतरची तारीख मिळाली तो आकडा लिहा, रुग्णालयाचं आणि डॉक्टरांचं नाव नको. पन्नास आकडे जमले की मी ते एका पानावर उतरवून आपल्या वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घेतो. पोचेचा फोटो इथेच टाकेन.

तोवर मीठ-पाण्याची चूळ चालू ठेवा. आणि गळ्याला सूज आली तर ही पोस्ट वाचत बसू नका, निघा.